पाचव्या गृहीतकाचे त्रांगडे

रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते, हे आपण शाळेत मुकाट्याने मान्य करतो. युक्लिडने इ. स. पूर्व ३००च्या सुमारास हेच जरा लांबलचक शब्दांत पाचवे गृहीतक म्हणून मांडले. त्याचाही त्यावर फारसा जीव नसावा; 'एलिमेंट्स' या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातली पहिली २८ प्रमेये त्याने त्याला हात न लावता सिद्ध केली आहेत. उमर खय्याम, नसीरुद्दीन तुसी अशा अनेक गणितींनी पुढे ते उरलेल्या गृहीतकांतून सिद्ध करू पाहिले. पण सिद्धतेत तेच गृहीतक कुठेतरी वेश पालटून शिरलेले असायचे.

अगदी काठावर पोहोचला तो इटलीतला जेझुइट पाद्री साकेरी. १७३३ मध्ये त्याने एक चौकोन घेतला: पायाशी दोन काटकोन, उभ्या बाजू समान. पाचवे गृहीतक खोटे धरून वरचे कोन लघुकोन मानले तर विसंगती निघेल, या आशेने तो प्रमेयांमागून प्रमेये काढत गेला. विसंगती काही निघेना. शेवटी 'हे सरळ रेषेच्या स्वभावालाच धरून नाही' असे म्हणून त्याने विषय संपवला. ही काही सिद्धता नव्हे!

हंगेरीतल्या फार्कश बोल्याय या गणितीने याच प्रश्नापायी उमेदीची वर्षे घालवली होती. मुलगा यानोश त्याच नादी लागल्यावर त्याने हे सोडून दे म्हणून पत्रातून परोपरीने विनवले. मुलगा ऐकतोय कुठे? १८३२ मध्ये यानोशची नवी भूमिती, जिच्यात त्या बिंदूतून एकाहून अधिक समांतर रेषा निघतात, वडिलांच्या पुस्तकाचे परिशिष्ट म्हणून आली. फार्कशने ती आपला जुना मित्र, थोर जर्मन गणिती गाऊसला पाठवली. या कामाची स्तुती म्हणजे माझीच स्तुती, कारण मीही कित्येक वर्षे हाच विचार करतोय, असे उत्तर आले. ते खरेही होते. पण लोकांच्या ओरड्याच्या धास्तीने गाऊसने स्वतः काही छापले नव्हते. यानोश खचला. रशियातल्या कझानमध्ये लोबाचेव्हस्कीने तर १८२९ मध्येच अशाच भूमितीवरचे आपले काम रशियनमध्ये छापायला घेतले होते. तिकडेही कुणी फिरकले नाही.

माझ्या मते चित्र पालटले ते गाऊसच्या मृत्यूनंतर, १८६०च्या दशकात त्याची पत्रे छापली गेल्यावर. एवढ्या मोठ्या माणसाला हे पटले होते म्हटल्यावर यानोश आणि लोबाचेव्हस्की या दोघांच्या कामाची भाषांतरे निघाली. तोवर दोघेही वारले होते. १८६८ मध्ये इटालियन गणिती बेल्ट्रामीने ऋण वक्रतेच्या, म्हणजे खोगिरासारख्या वळलेल्या, पृष्ठभागावर ही भूमिती लागू पडते हे दाखवले. तो पृष्ठभाग युक्लिडच्याच भूमितीतला; म्हणजे युक्लिडची भूमिती सुसंगत असेल तर हीही सुसंगत. त्याच वर्षी जर्मन गणिती रीमानचे १८५४ चे व्याख्यान छापून आले. त्यात वक्रता जागोजागी बदलू शकते अशी भूमिती होती. १९१२ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत शोधणाऱ्या आइन्स्टाइनला त्याचा गणिती मित्र मार्सेल ग्रोसमनने वळवले ते याच भूमितीकडे.