जुगारातला तोटा आणि अमेरिकी करखात्याचा जुना संशय

वर्षभरात एखाद्याने जुगारात एक लाख डॉलर जिंकले आणि तेवढेच हरले, तर त्याच्या हाती काही उरलं नाही. तरीही २०२६ पासून अमेरिकेत अशा माणसाच्या दहा हजार डॉलरवर प्राप्तिकर लागू शकतो. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या मोठ्या करकायद्याने जुगारातल्या तोट्याच्या फक्त ९० टक्के रकमेची वजावट ठेवली आहे. पत्त्यांवर पोट भरणारे यावर संतापले आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त आहे. पण या कलमामागचा संशय जुना आहे.

सुरुवातीच्या प्राप्तिकर कायद्यात ‘कायदेशीर’ धंद्याच्या उत्पन्नाचा उल्लेख होता. १९१६ मध्ये तो शब्द गळला आणि बेकायदा कमाईही करपात्र ठरली. दारूबंदीच्या काळातल्या एका दारूविक्रेत्याचा खटला १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विवरणपत्र भरलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. धंदा बेकायदा असला तरी विवरणपत्र भरावंच लागेल, असा निकाल झाला.

याच निकालाने शिकागोचा कुख्यात टोळीप्रमुख अल कपोन याच्याभोवतीचा फास आवळता आला. १९२६ मध्ये शिकागोजवळच्या सिसेरो गावातल्या एका जुगारअड्ड्यावर छापा पडला होता. तिथे जप्त झालेल्या खातेवह्या पुढे कित्येक वर्षं कपाटात धूळ खात पडल्या होत्या. करखात्याच्या फ्रँक विल्सनच्या त्या हाती लागल्या. आतल्या हस्ताक्षरावरून त्याने अड्ड्याचा हिशेबनीस हुडकून काढला आणि त्याला साक्षीला उभं केलं. १९३१ मध्ये कपोनला अकरा वर्षांची शिक्षा झाली, ती करचुकवेगिरीसाठी.

तोट्याचा प्रश्न १९३४ मध्ये कायद्यात आला. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीचं म्हणणं सरळ होतं: अनेक करदाते जुगारातल्या तोट्याची वजावट मागतात, पण जिंकलेला पैसा दाखवत नाहीत. म्हणून जिंकलेल्या रकमेइतकाच तोटा वजा करता येईल, असा नियम झाला. तोटा हवा असेल तर नफा दाखवा, ही त्यातली खोच. हा नियम मला कडक वाटतो, पण न्याय्यही वाटतो. ज्याचा नफा-तोटा सारखा, त्याच्यावर त्यात कर बसत नव्हता.

१९५१ चा कायदा मात्र वेगळ्याच हेतूने आला. सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने संघटित गुन्हेगारीची चौकशी केली आणि तिच्या सुनावण्या लोकांनी टीव्हीवर पाहिल्या. त्यानंतर काँग्रेसने पैजांवर दहा टक्के कर लावला आणि बुकींना वर्षाला ५० डॉलर भरून नाव नोंदवणं सक्तीचं केलं. नोंद झालेली नावं सरकारी वकिलांना मिळत. कर भरला की पोलीस दारात, न भरला तरी तुरुंग! १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चालवून घेतलं. जानेवारी १९६८ मध्ये मार्केटी आणि ग्रोसो या खटल्यांत भूमिका बदलली: स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क सांगणाऱ्याला या कायद्याखाली शिक्षा करता येणार नाही.

रोजच्या व्यवहारात खरी कटकट पुराव्याची. स्लॉट मशीनवर ठरावीक मर्यादेपुढचं बक्षीस लागलं की कॅसिनो डब्ल्यू-२जी हा फॉर्म करखात्याकडे पाठवतो. हरलेल्या पैशाचा असा फॉर्म कोणी पाठवत नाही. तो हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा. १९७७ मध्ये करखात्याने सांगितलं की रोजनिशी ठेवा: तारीख, खेळाचा प्रकार, जागेचा पत्ता, सोबत कोण होतं, किती जिंकलं, किती हरलं. घोड्यांच्या शर्यतींची हरलेली तिकिटं गठ्ठ्याने आणणारेही होते. कोर्टात ती तिकिटं नीट पाहिली तर काहींवर बुटांचे ठसे उमटलेले! मैदानावर लोकांनी टाकून दिलेली तिकिटं वेचली होती. अशा लबाडीमुळे संशय टिकून राहिला आणि त्याची झळ प्रामाणिक खेळाडूंनाही बसली.

१९८७ चा ग्रोएट्झिंगर खटला त्या प्रामाणिक खेळाडूंच्या बाजूचा. नोकरी गेल्यावर हा माणूस आठवड्याला साठ ते ऐंशी तास कुत्र्यांच्या शर्यतींत घालवत होता. १९७८ मध्ये त्याने ७२,०३२ डॉलर लावले आणि ७०,००० मिळवले. पोटापाण्यासाठी सातत्याने, पूर्णवेळ खेळणाऱ्याचा जुगार हा व्यवसायच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं.

२०१८ मध्ये मर्फी खटल्याच्या निकालाने क्रीडा सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठली. एकामागून एक राज्यांनी परवानगी दिली आणि पैज मोबाइलवर आली. आता प्रत्येक पैजेची नोंद ॲपमध्ये राहते, म्हणजे तोट्याचा पुरावा पूर्वीपेक्षा कितीतरी पक्का झाला आहे. नेमक्या याच वेळी काँग्रेसने वजावट कापली. वर्षाला दहा लाख डॉलर जिंकून, तोटा जाता वीस हजार कमावणाऱ्या व्यावसायिकाच्या ९,८०,००० तोट्यातले ९८,००० वजाच होणार नाहीत. करपात्र उत्पन्न धरलं जाईल १,१८,००० डॉलर.

हौशी खेळाडूची अडचण आणखी वेगळी. बहुतेक लोक ठोक वजावट, म्हणजे खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक सूट, घेतात आणि ती घेतली की जुगारातला तोटा मुळीच दाखवता येत नाही. हे आधीपासून आहे आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. ९० टक्क्यांच्या कलमाविरुद्ध मात्र नेव्हाडाच्या खासदार डीना टायटस यांनी जुलै २०२५ मध्येच पूर्ण वजावट परत आणण्याचं विधेयक मांडलं.