मल्टिबूट संगणक : बूटलोडर आणि पार्टिशन

एकाच संगणकावर दोन किंवा अधिक ऑपरेटिंग सिस्टिम ठेवून, सुरू करताना त्यांतली हवी ती निवडण्याची सोय म्हणजे मल्टिबूट. नागपुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) ही जोडी असू शकते.

डिस्कचे जे भाग पाडतात ती पार्टिशने. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, हे डिस्कवरच एका तक्त्यात नोंदलेले असते. जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असतो : ४४६ बाइट बूट कोडला, ६४ तक्त्याला, उरलेले २ ओळखखुणेला. ६४ बाइटांत चारच नोंदी मावतात, म्हणून प्रायमरी पार्टिशने चारच. नव्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ नोंदींची जागा असते, शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राहते. सी, डी ही अक्षरे विंडोजने दिलेली. लिनक्समध्ये ती दिसत नाहीत. इन्स्टॉल करताना भाग आकारावरून आणि फाइल सिस्टिमवरून (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीवरून) ओळखावा, नाहीतर भलताच भाग पुसला जातो.

बूटलोडर हा ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, मेमरीत आणून त्याच्या हाती कारभार देणारा छोटा प्रोग्राम. उबुंटूचा ग्रब, विंडोजचा बूट मॅनेजर. यूईएफआय (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरची नवी प्रणाली) असलेल्या संगणकात दोघांच्या फाइली फॅट३२ स्वरूपाच्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये शेजारी शेजारी राहतात. विंडोज पुन्हा टाकले की ते बूट क्रमात (आधी काय सुरू करायचे, त्या यादीत) स्वतःला पहिले लावते. एमबीआर डिस्कवर तर ग्रबचा कोडच पुसून आपला लिहिते. उबुंटू दिसेनासे होते आणि नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानात सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारावे लागेल.’ बहुतेक वेळा तशी काहीच गरज नसते. पार्टिशन आणि त्यातला प्रोजेक्ट जागच्या जागी असतो, हरवलेली असते फक्त तिथवरची वाट. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये बूट क्रम बदलला किंवा लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कवर न टाकता थेट उबुंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) ग्रब पुन्हा बसवला की काम होते. मात्र त्याआधी डेटाची प्रत काढून ठेवावीच.

घड्याळाचा घोळ वेगळा. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानते, विंडोज ती स्थानिक धरते. त्यामुळे उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की हा फरक मिटतो.