बॅकअप बॉक्समधली परमिशनची फट, आणि त्याचं काय करायचं

बॅकअप स्टोरेजमध्ये ऑथरायझेशनचा फॉल्ट निघाला अशी बातमी आली की आमचा फोन दिवसभर वाजत राहतो, ग्राहक विचारतात, आमच्याकडे तोच बॉक्स (बॅकअप साठवणारं मशिन) आहे, डेटा गेला का, बंद करून ठेवू का. बंद नका करू, बॅकअप न घेता बसलात तर ते जास्त महागात पडेल. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय, सावकाश वाचा आणि तुमच्या आयटीवाल्यालाही द्या, कारण निम्मं काम त्याच्याच हातात आहे.

लॉगिन लागतं ना, मग घाबरायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळा घोळ इथेच आहे. तू कोण हे तपासणं म्हणजे ऑथेंटिकेशन, युजरनेम, पासवर्ड, ओटीपी वगैरे. आत आल्यावर तुला काय काय करायची मुभा आहे हे तपासणं म्हणजे ऑथरायझेशन. पहिली तपासणी आत येताना एकदा झाली की भागतं, दुसरी मात्र प्रत्येक कामाला, प्रत्येक कमांडला व्हायला हवी, आणि प्रॉडक्ट बनवणाऱ्यांकडून नेमकी तीच कुठेतरी राहून जाते. स्क्रीनवर बटण लपवलेलं असतं, साध्या युजरला ते दिसतही नाही, पण त्या बटणामागच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलायच्या खिडकीला, थेट रिक्वेस्ट पाठवली की ती काही न विचारता काम करून मोकळी होते.

उदाहरण देतो. एप्रिल २०२५ मध्ये डेलने पॉवरप्रोटेक्ट डेटा डोमेन या आपल्या बॅकअप बॉक्ससाठी अशीच एक ॲडव्हायझरी, म्हणजे धोक्याची सूचना, काढली, त्या फॉल्टचा नोंदणी नंबर सीव्हीई-२०२५-२९९८७. डीडी ओएसच्या (बॉक्सच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) ८.३.०.१५ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये परमिशनची विभागणी पुरेशी बारीक नव्हती, त्यामुळे विश्वासातल्या रिमोट क्लायंटवरून, म्हणजे बॉक्सशी बोलायची परवानगी असलेल्या दुसऱ्या मशिनवरून, लॉगिन झालेला युजर रूटच्या ताकदीने हव्या त्या कमांड चालवू शकत होता. रूट म्हणजे बॉक्सचा मालक, त्याच्या वर कोणी नाही. धोक्याचा स्कोअर होता १० पैकी ८.८. आता गंमत बघा, बाकी सगळं तेच ठेवून फक्त लॉगिन लागत नसतं तर हाच स्कोअर ९.८ झाला असता, म्हणजे लॉगिन लागतं या गोष्टीने फक्त एक पॉइंट कमी होतो. एवढीच किंमत आहे त्या दिलाशाची, कारण लॉगिन चोरणं हे हल्लेखोरांचं रोजचं काम आहे, एक फिशिंग मेल, एका स्क्रिप्टमध्ये उघडा पडलेला पासवर्ड, किंवा दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचं अजून चालू असलेलं अकाउंट.

बॅकअपवरच का डोळा?

रॅन्समवेअरवाल्यांना माहीत असतं की बॅकअप शाबूत असेल तर कोणी पैसे देणार नाही, म्हणून ते आधी बॅकअप शोधतात आणि मग बाकीचं लॉक करतात. दुसरं म्हणजे बॅकअप सर्व्हरकडे सगळ्या घराच्या किल्ल्या असतात, डेटाबेस, फाइल सर्व्हर, व्हर्च्युअल मशिन, सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याकडे साठवलेले. मार्च २०२३ मध्ये वीम या बॅकअप सॉफ्टवेअरच्या कंपनीने पॅच केलेला, म्हणजे अपडेट देऊन दुरुस्त केलेला, फॉल्ट असाच होता, ९४०१ पोर्टवर (सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या एका दारावर) पोहोचणारा कोणीही लॉगिनशिवाय ते साठवलेले क्रेडेन्शियल (युजरनेम, पासवर्ड) मागून घेऊ शकत होता, आणि पुढे रॅन्समवेअर टोळ्यांनी तो वापरलाही. मग मार्च २०२५ मध्ये पुन्हा वीमचाच एक निघाला, स्कोअर ९.९, तो आमच्या ग्राहकांना मुद्दाम सांगतो कारण त्यात धडधडीत आपली चूक दिसते. बॅकअप सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशिन आणि युजरच्या सामायिक लॉगिन यंत्रणेत, जोडलेला असेल तर डोमेनमधला कुठलाही युजर, म्हणजे अगदी स्वागतकक्षातल्या मशिनवरचा सुद्धा, त्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. डोमेनला जोडला नसेल तर हा प्रश्नच येत नव्हता. आम्ही कितीतरी वेळा सांगतो बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये घालू नका आणि दर वेळी उत्तर येतं, अहो एकाच पासवर्डने लॉगिन होतं ना, सोयीचं पडतं. सोयीचं पडतं, पण चोरालाही तेवढंच.

पॅच

करायचाच, यात चर्चा नाही. फक्त कसा, ते सांगतो. आधी आम्ही तुमच्या बॉक्सचं नेमकं व्हर्जन बघतो, कारण एकाच प्रॉडक्टच्या दोन तीन शाखा चालू असतात आणि प्रत्येकीचा दुरुस्त झालेला नंबर वेगळा असतो, नुसतं आमचं लेटेस्ट आहे असं फोनवर सांगून भागत नाही. अपग्रेडला रीबूट लागतो, त्या वेळात बॅकअप जॉब चालणार नाहीत, म्हणून रात्रीच्या जॉबच्या मध्ये आम्ही घुसत नाही. दुसऱ्या साइटवर रेप्लिकेशन चालू असेल तर साधारणपणे जिथे कॉपी जाते तो बॉक्स आधी आणि मूळचा नंतर, उलटं केलं तर जुन्या बॉक्सला नव्याची भाषा कळत नाही आणि रेप्लिकेशन अडकून बसतं. आणि एकदा पुढे गेलं की मागच्या व्हर्जनवर परत येता येईल हे धरून चालायचं नाही, त्यामुळे अपग्रेडच्या आधी एक रिस्टोअर करून बघतो आणि नंतरही एक. जॉब हिरवा दिसतो म्हणजे डेटा परत येतो असं नसतं.

पॅचची तारीख ठरेपर्यंत एक काम आजच होतं. बॉक्सचं मॅनेजमेंट पोर्ट ऑफिसच्या साध्या नेटवर्कवरून दिसतंय का ते बघा, एखाद्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरून ब्राउझरमध्ये पत्ता टाका, लॉगिनचं पान उघडलं तर समजा दार रस्त्यावरच आहे. ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, न्या आणि फायरवॉलवर फक्त ॲडमिनच्या एक दोन मशिनला परवानगी ठेवा. सर्व्हरचा रिमोट कन्सोल (लांबून मशिन चालवायची सोय) असतो तोही यात धरा, तो सगळेच विसरतात.

युजर लिस्ट उघडा, खरी गोष्ट तिथे आहे

पॅचने कंपनीने ठेवलेली फट बुजते, आपण स्वतः ठेवलेल्या फटी तशाच राहतात, आणि त्या बहुतेक वेळा जास्त मोठ्या असतात. मध्यंतरी एका ग्राहकाकडे पॅच करायला गेलो होतो, अपग्रेडची फाइल कॉपी होत होती तेवढ्यात सहज युजर लिस्ट उघडली. अकरा अकाउंट. त्यातली ॲडमिन किती? आठ. एक टेस्ट१ नावाचं, इन्स्टॉलेशनच्या दिवशी बनवलेलं, कोणी वापरत नाही पण चालू. एक मॉनिटरिंग टूलचं, ज्याला फक्त डिस्क किती भरली एवढंच वाचायचं असतं, त्याला ॲडमिन का, तर म्हणे साध्या रोलवर (परमिशनच्या पातळीवर) एरर येत होती म्हणून तात्पुरतं वाढवून दिलं. हे तात्पुरतं चार वर्षं झाली तसंच होतं. आणि त्या टूलचा पासवर्ड एका शेअर्ड फोल्डरमधल्या स्क्रिप्टमध्ये, साध्या अक्षरांत, कोणीही डबल क्लिक करून वाचावा असा. आता सांगा, याला हॅकर कशाला हवा.

बरं, एरर का येत होती ते पण बघितलं, टूलच्या जुन्या व्हर्जनला एक आकडा वाचायला जास्त परमिशन लागत होती, टूल अपडेट केलं, फक्त वाचायचा रोल दिला, दहा मिनिटांत संपलं.

म्हणून आम्ही आता प्रत्येक पॅचबरोबर ही सफाई पण करतो. माणसाचं अकाउंट माणसाच्या नावाने, एकाच ॲडमिन पासवर्डवर चार जण नकोत, कारण मग लॉग बघून काही कळत नाही कोणी काय केलं. सॉफ्टवेअरला लागणारी अकाउंट वेगळी, त्यांना फक्त आपल्यापुरत्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी, स्क्रीनवर लॉगिन करायची नाही. आणि क्लायंटची यादी, म्हणजे कुठल्या मशिनने या बॉक्सशी बोलायचं ती, तिथे बऱ्याच ठिकाणी नुसता स्टार टाकलेला सापडतो, म्हणजे कोणीही या. वर डेलचा जो फॉल्ट सांगितला त्यात विश्वासातला क्लायंट हा शब्द होता ना, तुमचा बॉक्स सगळ्या जगावर विश्वास ठेवत असेल तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. स्टार काढा, मशिनची नावं टाका. एखादा जॉब फेल होईल, होऊ दे, त्यातून कळेल कुठलं मशिन यादीत राहिलं.

आमच्याकडे लॉक आहे, बॅकअप डिलीट होतच नाही

छान आहे, पण कुठलं लॉक ते विचारा. रिटेन्शन लॉकचे, म्हणजे ठरलेली मुदत संपेपर्यंत बॅकअप पुसू न देणाऱ्या लॉकचे, साधारण दोन प्रकार मिळतात, गव्हर्नन्स आणि कंप्लायन्स. गव्हर्नन्समध्ये पुरेशी परमिशन असलेला माणूस लॉक उघडू शकतो, आणि ऑथरायझेशनचा फॉल्ट म्हणजे नेमकं हेच की नको त्या माणसाला पुरेशी परमिशन मिळते. कंप्लायन्समध्ये मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही हात लावता येत नाही. डेटा डोमेनवर हे चालू करायला ॲडमिनशिवाय एक वेगळा सिक्युरिटी ऑफिसर लागतो, दोघांची सही झाल्यासारखं. आम्ही हे बसवून देतो आणि पुढच्या भेटीत बघतो तर दोन्ही पासवर्ड एकाच माणसाच्या एकाच वहीत! दोन माणसं म्हणजे दोन माणसं हो, दुसरा आयटीमधला नसला तरी चालेल, अकाउंट्सवाला सुद्धा चालेल.

तोटाही सांगतो, नाहीतर नंतर आमच्यावर चिडाल. कंप्लायन्समध्ये चुकून सात वर्षांची मुदत टाकली तर सात वर्षं ती जागा अडकली, आम्हीही काढून देऊ शकत नाही. म्हणून मुदत आधी थोड्या दिवसांची ठेवून बघतो. आणि घड्याळ, मुदत बॉक्स स्वतःच्या घड्याळावर मोजतो, कोणी वेळ पुढे ढकलली तर काही सिस्टिमना मुदत संपली असंच वाटतं, त्यामुळे टाइम सर्व्हर कुठला लावलाय आणि तो बदलायचा हक्क कोणाला आहे तेही तपासतो.

पॅच केला, पण आधीच कोणी येऊन गेलं असेल तर?

पॅचने पुढचा येणार नाही, आत बसलेला बाहेर जात नाही. ॲडव्हायझरी आल्यापासूनचेच नाही, त्याआधीचे किमान तीन महिन्यांचे लॉग काढून बघतो. नवीन बनलेलं अकाउंट, कोणाचा अचानक वाढलेला रोल, रात्री अडीचला झालेलं ॲडमिन लॉगिन, कमी केलेली रिटेन्शन, बंद केलेला अलर्ट. बऱ्याच बॉक्समध्ये जुने लॉग आपोआप पुसले जातात आणि रूट मिळालेला माणूस लॉगही पुसू शकतो, म्हणून लॉग बॉक्सच्या बाहेर दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायची सेटिंग नसेल तर ती आम्ही त्याच दिवशी करतो. काही संशयास्पद दिसलं तर बॅकअप सर्व्हरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बदलायचे, नुसता बॉक्सचा बदलून उपयोग नाही, आणि हे काम एका दिवसात होत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा माणूस यायच्या आधी

बॉक्सचा सिरीयल नंबर आणि सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट चालू आहे का ते बघून ठेवा, कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असेल तर अपग्रेडची फाइलच डाउनलोड होत नाही आणि अख्खा दिवस तिथेच जातो. रात्रीचे जॉब किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपतात ते लिहून ठेवा. कोण कोण ॲडमिन आहेत याची तुमच्या माहितीतली यादी कागदावर लिहा, बॉक्समध्ये न बघता, मग आपण बॉक्समधल्या यादीशी ताडून बघू. पासवर्ड आम्हाला मेलवर किंवा चॅटवर पाठवू नका, आमचा माणूस समोर बसेल आणि टाइप तुम्ही कराल.