भीतीची स्मृती (प्राण्यांतील)

एखादा आवाज, वास, जागा किंवा हालचाल आणि तिच्या पाठोपाठ झालेली इजा यांची मेंदूत बसलेली गाठ म्हणजे भीतीची स्मृती. ही गाठ बसली की पुढे नुसता आवाज आला तरी प्राणी इजा होणारच असल्यासारखा वागतो. दगड खाल्लेले गल्लीतले कुत्रे माणूस बुटाची नाडी बांधायला वाकला तरी शेपूट घालून पळते. मानसशास्त्रात या शिकण्याला भय-अभिसंधान म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्याला लाळ सुटायची ती अन्नाच्या अपेक्षेने. इथे अपेक्षा वेदनेची असते, आणि ती बहुधा एकाच फटक्यात पक्की होते.

प्रयोगशाळेतली रीत साधी आहे. तळाशी धातूच्या सळ्या असलेल्या पेटीत उंदीर सोडतात. तो कोपरे हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहून भिंती चाचपतो. मग काही सेकंद एक सूर वाजतो आणि तो संपता संपता सळ्यांतून विजेचा हलका झटका बसतो. दुसऱ्या दिवशी झटका नसतो, नुसता सूर असतो. उंदीर आहे तिथे थिजतो. मिशीसुद्धा हलत नाही, श्वासापुरत्या बरगड्या तेवढ्या वरखाली होतात. तो किती सेकंद थिजला, हेच मोजमाप. त्याला आत काय वाटते, हे घड्याळ सांगत नाही. या क्षेत्रातले अग्रणी जोसेफ लेडू यांनीच पुढे ‘भीती’ हा शब्द जपून वापरावा असा आग्रह धरला. तो रास्त आहे, पण रूढ शब्द सुटत नाही. या नोंदीतही सुटलेला नाही.

मेंदूतला मुख्य भाग अमिग्डाला. कानशिलामागे खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाच्या आकाराचा पेशीपुंज. 1930 च्या दशकात क्लूव्हर आणि ब्यूसी यांनी माकडांच्या मेंदूचे कानशिलाकडचे भाग काढले, तेव्हा ती माकडे सापालाही बिनदिक्कत हात घालू लागली. यातला भीतीपुरता वाटा अमिग्डालाचा आहे, हे 1956 मध्ये वाइसक्रान्ट्झ यांनी दाखवले. सूर आणि झटका या दोहोंच्या वार्ता अमिग्डालाच्या बाहेरच्या कडेच्या केंद्रकात, म्हणजे पेशींच्या झुबक्यात, एकत्र येतात. तिथल्या चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले सांधे, बळकट होतात आणि पुढच्या वेळी एकटा सूरही पुरतो. मग मध्यवर्ती केंद्रकातून हुकूम सुटतात: एक मेंदूच्या बुंध्याकडे, शरीर थिजवण्याचा, दुसरा शरीराचा आतला कारभार पाहणाऱ्या हायपोथॅलॅमसकडे, रक्तदाब वाढवण्याचा.

मात्र उंदीर सुराबरोबर पेटीलाही भितो. सूर न वाजवता त्याच पेटीत ठेवले तरी थिजतो. या दोन भीती वेगळ्या आहेत, हे 1992 मध्ये कळले. हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा केलेले उंदीर सुराला पूर्वीसारखेच घाबरत होते. पेटीची भीती मात्र त्यांना बसत नव्हती. किम आणि फॅन्सेलो यांनी त्यात काळाची गाठ घातली. झटक्यानंतर दुसऱ्याच दिवशी हिप्पोकॅम्पस निकामी केला तर पेटीची भीती पुसली जाते; 28 दिवस थांबून केला तर ती बरीचशी टिकते. म्हणजे जागेची आठवण काही आठवडे हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर असते, मग तिचा मुक्काम हलतो.

जनुकांची कथा सुरू होते ती फळमाशीपासून. कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत माश्यांना दोन वास देत, त्यांतल्या एकाबरोबर झटका. शहाणी माशी तो वास टाळते. 1976 मध्ये न शिकणारी एक माशी सापडली. तिच्या बिघडलेल्या जनुकाला ‘डन्स’, म्हणजे मठ्ठ, असे नाव पडले. नंतर सापडलेल्या ‘रुताबागा’ला एका कंदाचे नाव मिळाले. डन्सचे प्रथिन पेशीतला चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू मोडते, रुताबागाचे तो घडवते. आठवणीचा धागा या रेणूपाशी आहे, तो असा उलगडला. (बेन्झर यांच्याबरोबर काम केलेले ओबेद सिद्दीकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. माशीला वास कळतो तो कोणत्या जनुकांमुळे, याचा शोध तिथे घेतला गेला.)

हाच निरोप पुढे क्रेब या प्रथिनापर्यंत जातो आणि ते इतर जनुके चालू करते. 1994 मध्ये अल्सिनो सिल्वा यांच्या गटाने क्रेब अधू असलेले उंदीर तपासले. अर्ध्या तासानंतर त्यांना पेटी आठवत होती, दुसऱ्या दिवशी ती आठवण विरली होती. शिकणे शाबूत, टिकणे गेले. शीना जोसेलिन यांच्या गटाने पुढे दाखवले की अमिग्डालातल्या ज्या पेशींत क्रेब जास्त, त्याच आठवणीसाठी निवडल्या जातात. 2009 मध्ये नेमक्या त्याच पेशी मारल्या, तर भीतीही गेली. स्टॅथमिन हे अमिग्डालात भरपूर असणारे प्रथिन. त्याचे जनुक काढलेल्या उंदरांत शिकलेली भीती तर कमी होतेच, शिवाय उघड्या जागेची उपजत धास्तीही उतरते.

यावरून बातम्यांत ‘भीतीचे जनुक सापडले’ असे मथळे येतात, ते फसवे आहेत. सापडतात ती पेशीच्या कामकाजाची जनुके. कोणाला भ्यावे, हे त्यांच्यात लिहिलेले नसते. निदान सरळसरळ नसते. सुसान मिनेका यांच्या प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना साप पाहून काही वाटत नसे. दुसरे माकड सापाला घाबरताना दिसले की तीही घाबरू लागत. चित्रफीत जोडून तेच माकड फुलाला घाबरते असे दाखवले, तर मात्र ती शिकत नसत. जनुके इथे कल देतात, धडा नव्हे.

आठवण एकदा मुरली की कायम, ही समजूत 2000 मध्ये हलली. करीम नाडर यांनी शिकलेल्या उंदराला पुन्हा एकदा सूर ऐकवला आणि लगेच अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले. पुढच्या वेळी त्याचे थिजणे अगदी कमी झाले. सूर न ऐकवता तेच औषध दिले, तर भीती जशीच्या तशी. आठवण जागी होते तेव्हा ती काही तास पुन्हा ओली, बदलता येण्याजोगी असते. नुसता सूर पुन्हापुन्हा ऐकवूनही भीती उतरते, पण तिथे जुनी गाठ सुटत नाही, कपाळामागचा मेंदू तिला दाबून ठेवतो. पेटी बदलली की भीती परत डोके वर काढते.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने 2002 मध्ये ताणाचा परिणाम पाहण्यासाठी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डालातल्या वाढल्या. पुढच्या एका प्रयोगात असे जखडलेल्या उंदरांना नंतर 21 दिवस निवांत ठेवले. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डालातल्या फांद्या वाढलेल्याच राहिल्या.