समाजशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठ

समाजशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठ : भारतातील समाजशास्त्राचा सर्वांत जुना विद्यापीठीय विभाग. स्थापना १९१९. सध्या तो सांताक्रूझ पूर्वेला, कालिना येथील विद्यानगरी परिसरात आहे. सुरुवातीला त्याचे नाव ‘समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभाग’ असे होते. यातला दुसरा शब्द पुढे गळून पडला, पण विभागाची घडण समजून घ्यायची तर त्या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. नागरिकशास्त्र म्हटले की आपल्याला शाळेतले राज्यघटनेचे पातळ पुस्तक आठवते. इथे तो अर्थ नव्हता. शहर हे माणसांनी मिळून उभे केलेले घर आहे, ते नीट पाहायचे आणि पाहून झाल्यावर दुरुस्तही करायचे, असा त्या शब्दाचा आशय होता.

हा आशय विभागाचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांचा. गेडिस मूळचे स्कॉटलंडचे, पेशाने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर ते पत्नी ॲनासह एडिंबरोच्या जुन्या भागातल्या पडक्या, गर्दीच्या चाळवजा इमारतीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी आवार झाडले, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे लावली. पुढची सगळी विचारसरणी याच अनुभवातून आली. १९१४ मध्ये ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन भारतात आले. त्यांचे सामान घेऊन निघालेले जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी त्यांनी नव्याने साहित्य जमवून प्रदर्शन भरवले. त्यानंतर त्यांनी देशातल्या अनेक शहरांचे अहवाल लिहिले. इंदूरचा अहवाल त्यांतला विशेष गाजलेला.

त्या काळात दाटीच्या वस्तीवर नगरपालिकांचा ठरलेला उपाय असे : नकाशावर सरळ रेघ ओढायची आणि मधली घरे पाडून रुंद रस्ता काढायचा. गेडिस आधी गल्लीगल्लीतून पायी फिरत. एखादे मोडकळीला आलेले घर काढले तर तेवढ्यात मोकळा चौक होतो, एखादा कोपरा थोडा मागे सरकवला तर गाडी वळते, विहीर उपसली आणि कडेला झाड लावले तर बायकांना बसायला सावली मिळते, असे ते दाखवून देत. माणसे जागची न हलवता केलेली ही जपून शस्त्रक्रिया. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा क्रम होता. मुंबईत त्यांनी हेच शिकवले. १९२४ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ते युरोपला परतले आणि विभागाची दिशा बदलली.

त्यांच्यानंतर विभाग गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांच्याकडे आला तो १९५९ पर्यंत. पस्तीस वर्षे एका माणसाच्या हातात एक विभाग राहिला आणि त्यामुळे देशातल्या एका विद्याशाखेलाच वळण लागले, असे उदाहरण विरळा. घुर्ये मालवणचे. संस्कृतात एम. ए. करून एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना गेडिस यांनी त्यांना हेरले आणि परदेशी शिक्षणासाठी पाठवले. लंडनमध्ये थोडा काळ घालवून ते केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स वारल्यावर ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली त्यांनी पीएच. डी. पूर्ण केली.

१९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात जातीची सहा लक्षणे सांगितली आहेत : समाजाचे तुकड्यांत विभाजन, उच्चनीचता, रोटीव्यवहारावरची बंधने, नागरी व धार्मिक हक्कांतली विषमता, धंदा निवडण्यावरची बंधने आणि बेटीबंदी. आजही समाजशास्त्राचा विद्यार्थी परीक्षेत ही सहा लक्षणे लिहितो. याच ग्रंथातले दुसरे काम मात्र अधिक धाडसाचे होते. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजून असा सिद्धान्त मांडला होता, की नाक जितके रुंद तितकी जात खालची. घुर्ये यांनी रिस्ले यांचीच मोजमापे प्रांतवार लावून पाहिली आणि दाखवून दिले, की हा नियम उत्तर भारताच्या एका भागात जेमतेम लागू पडतो, महाराष्ट्रात किंवा बंगालात मुळीच नाही. सरकारी शास्त्राचा असा पायाच काढून घेणे हे १९३२ मध्ये लहान काम नव्हते.

घुर्ये यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे पाहिली तरी विभागाचा वारसा कळतो. इरावती कर्वे यांनी चित्पावनांवरचा एम. ए.चा प्रबंध इथेच लिहिला आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र उभे केले. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांवर इथे काम केले. के. एम. कापडिया, अ. र. देसाई, आय. पी. देसाई, य. भा. दामले हेही याच परंपरेतले. १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी आणि पुढच्याच वर्षी निघालेले तिचे नियतकालिक यांच्यामागेही घुर्येच होते.

घुर्ये ग्रंथालयात रमत, पण त्यांनी विद्यार्थ्यांना गावोगाव धाडले आणि स्वतःही अभ्यास केले. त्यांतला पुण्याजवळच्या लोणीकंदचा अभ्यास आवर्जून सांगण्यासारखा आहे. पेशवाई संपल्यावर लगेचच टॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने लोणी गावाचा तपशीलवार वृत्तांत लिहिला होता : घरे, बलुतेदार, पिके, कर्ज, कपडे, सगळे काही. सव्वाशे वर्षांनंतर घुर्ये यांनी त्याच गावाची पाहणी केली आणि दोन चित्रे शेजारी शेजारी मांडली. ते पुस्तक १९६० मध्ये आले. नगर रस्त्याने जाताना आज लोणीकंद गोदामांच्या आणि ट्रकच्या रांगांत हरवून जाते, म्हणून ही दोन चित्रे अधिकच मोलाची वाटतात.

या परंपरेच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. आदिवासींमध्ये राहून त्यांचा अभ्यास करणारे इंग्रज मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन आणि घुर्ये यांचा आदिवासींविषयीचा वाद प्रसिद्ध आहे. आदिवासींना बाहेरच्यांपासून जपावे, असे एल्विन म्हणत. घुर्ये त्यांना ‘मागासलेले हिंदू’ म्हणत. ब्रिटिशांच्या जमीन व महसुलाच्या कायद्यांनी आणि सावकारीने आदिवासींचे कसे नुकसान केले, हे घुर्ये यांनी नेमके दाखवले. पण आदिवासी स्वतःला काय समजतात, हा प्रश्न दोघांच्याही मांडणीत मागेच राहिला. दुसरी उणीव अधिक खुपणारी आहे. घुर्ये यांनी सहा लक्षणांत मोजलेल्या बेटीबंदीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्येच, कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात, जातीचे मर्म म्हणून बोट ठेवले होते. पुढे दोघेही मुंबईतच होते, पण भारतीय समाजशास्त्राच्या वर्गांत आंबेडकर समाजशास्त्रज्ञ म्हणून वाचले जायला फार उशीर झाला. संस्कृत ग्रंथांतून समाजाकडे पाहण्याची सवय लागली, की ग्रंथाबाहेर ठेवलेली माणसे नजरेबाहेर राहतात.

समाजकार्याचे शिक्षण : गेडिस यांच्या विभागाच्या जोडनावातले दुसरे अंग, नागरिकशास्त्र, म्हणजे समाज दुरुस्त करण्याचे काम, विद्यापीठाबाहेर वाढले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते मुंबईच्या नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ चालवत. दाटीच्या, गरीब वस्तीत राहून शेजाऱ्यांसाठी काम करायचे, हा तिथला परिपाठ होता. एडिंबरोच्या त्या इमारतीत गेडिस दांपत्याने केले ते याहून फार वेगळे नव्हते. मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये समाजकार्याचे भारतातले पहिले विद्यालय नागपाड्यातच सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, पुढे ते देवनारला गेले आणि १९६४ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय १९५५ चे, तर पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची.

एम. ए. समाजशास्त्र आणि एम. एस. डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) यांतला फरक विद्यार्थ्याच्या आठवड्यातच दिसतो. समाजशास्त्राचा विद्यार्थी वर्ग आणि वाचनालय यांच्यात असतो, प्रबंधाच्या वेळी काही महिने ‘फील्ड’वर जातो. समाजकार्याच्या विद्यार्थ्याचे आठवड्यातले साधारण दोन दिवस दवाखाना, कुटुंब न्यायालय, बालगृह किंवा झोपडपट्टीतल्या संस्थेत जातात. घरी येऊन तो ‘रेकॉर्डिंग’ लिहितो : कोणाला भेटलो, काय बोलणे झाले, मला काय वाटले, मी काय केले. सुपरवायझर ते वाचून ‘आयसी’ला, म्हणजे दोघांच्या बैठकीत, नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवतात. दारुड्या नवऱ्याविषयी बाई बोलत असताना तू विषय का बदललास? उत्तर बहुतेक वेळा ‘मला अवघडल्यासारखं झालं’ हेच असते, आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते. केसवर्क (एकेका माणसाबरोबरचे काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचे काम), समुदाय संघटन हे पुस्तकातले शब्द अशा वह्यांतून अंगी लागतात. सरकारदरबारीही ही फारकत आहे : महाराष्ट्रातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याऐवजी सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालतात.

ही विभागणी दोन्ही बाजूंना महाग पडली. समाजकार्याच्या वर्गात जात ‘अर्जदाराची माहिती’ या रकान्यापुरती उरण्याचा धोका राहिला, आणि समाजशास्त्राच्या वर्गात माणूस तक्त्यापुरता. विद्यापीठाच्या विभागात ही दरी कमी करण्याचा मोठा प्रयत्न अ. र. देसाई (१९१५–१९९४) यांनी केला. मार्क्सवादी असलेल्या देसाईंचा भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा प्रबंध १९४८ मध्ये ग्रंथरूपाने आला. संस्कृत ग्रंथांऐवजी जमीन, भांडवल आणि वर्ग यांच्या आधारे त्यांनी भारतीय समाजाचा उलगडा केला. १९६९ ते १९७६ या काळात ते विभागप्रमुख होते. एस. डी. पिल्लई यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या झोपडपट्टीचा केलेला अभ्यास १९७२ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केला. झोपडपट्टी ही शहराला जडलेली रोगट गाठ आहे, असा तेव्हाचा सर्रास समज होता. तिथली माणसे शहराच्या कारखान्यांना, बंदराला, घराघराला कष्ट पुरवतात आणि त्या बदल्यात शहर त्यांना पाणी, संडास आणि कायमचा पत्ता नाकारते, ही गोष्ट अशा अभ्यासांनी चर्चेत आणली. निवृत्तीनंतरही देसाई लोकशाही हक्कांच्या पायमल्लीवर लिहीत, संपादन करीत राहिले. त्यांच्या पत्नी नीरा देसाई यांनी एसएनडीटी विद्यापीठात १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. तिथे अभ्यास आणि चळवळ यांची फारकत सुरुवातीपासूनच मानली गेली नाही.