मडगार्डवरची दोन चिन्हं

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश किंवा भारतीय सैन्याच्या लॉरीचा जुना फोटो समोर आला की हौशी माणसाची नजर आधी बॉनेटवर जाते. फोर्ड की शेवरोले, कॅनडात बनलेली की इंग्लंडात, यावर तासन् तास वाद रंगतात. पण ती गाडी कुणाची होती आणि काय काम करत होती, हे बॉनेटवरून कळत नाही. त्यासाठी पुढच्या मडगार्डांवर किंवा बंपरवर रंगवलेली दोन छोटी चिन्हं बघावी लागतात. आणि नेमकी तीच दोन लोक एकमेकांत मिसळतात.

पहिलं आहे फॉर्मेशनचं, म्हणजे डिव्हिजनसारख्या मोठ्या सैन्यगटाचं चिन्ह. हे बहुधा एखादं चित्र असतं: चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा लाल गोळा, सातव्या ब्रिटिश आर्मर्ड डिव्हिजनचा वाळवंटी उंदीर. ही गाडी कुठल्या मोठ्या घराण्यातली, एवढंच ते सांगतं. डिव्हिजन म्हणजे पंधरा-वीस हजार माणसं आणि हजारो वाहनं. तोफखान्याची गाडी असो की दवाखान्याची, गरुड सगळ्यांवर सारखाच.

दुसरा आहे युनिटचा, म्हणजे त्या गटातल्या एकेका तुकडीचा चौकोन. साधारण वीतभर रुंद, रंगीत, आणि त्यावर बहुधा पांढरा आकडा. रंग खातं सांगतो. तोफखान्याचा चौकोन वर लाल, खाली निळा. सिग्नल्सचा, म्हणजे संदेशवहन खात्याचा, वर पांढरा, खाली निळा. रसद-वाहतूक खात्याचा तिरका कापलेला, अर्धा लाल, अर्धा हिरवा. इंजिनिअर्सचा सबंध निळा. आकडा त्या खात्यातली नेमकी तुकडी सांगतो, पण सरळपणे नाही. खरा घोळ इथेच होतो.

समजा, 1944 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीत काढलेल्या फोटोत लाल-निळ्या चौकोनावर 43 दिसतो. पाहणारा लगेच म्हणतो, ही 43 वी वेसेक्स डिव्हिजन. दुसरा म्हणतो, 43 वी तोफखाना रेजिमेंट. दोघंही चुकले. ब्रिटिश पायदळ डिव्हिजनमध्ये फील्ड तोफखान्याच्या तीन रेजिमेंट असत आणि त्यांना ज्येष्ठतेनुसार 42, 43, 44 हे सांकेतिक आकडे मिळत. प्रत्येक डिव्हिजनमध्ये हेच तीन. म्हणजे 43 चा अर्थ ‘या डिव्हिजनची मधली फील्ड रेजिमेंट’, बस्स. कुठल्या डिव्हिजनची, ते शेजारच्या मडगार्डला विचारायचं. तिथे ‘एचडी’ ही अक्षरं असतील तर ती 51 वी हायलँड डिव्हिजन, आणि तिची मधली रेजिमेंट 127 वी. (ही अक्षरं हायलँडवाल्यांनी वाटेतल्या भिंतींवरही इतकी रंगवून ठेवली की बाकीचे त्यांना ‘हायवे डेकोरेटर्स’ म्हणून चिडवायचे.) तिथे पंखांचा ड्रॅगन असेल तर मात्र डिव्हिजन खरंच 43 वी, पण तेव्हाही चौकोनातल्या 43 चा तिच्याशी संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. शत्रूच्या हेराला एक चिन्ह दिसलं तरी पूर्ण माहिती मिळू नये, हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. ऐंशी वर्षांनी तो आपल्यालाच भोवतो.

ब्रिटिश डिव्हिजनांची ही आकड्यांची यादी भारतीय डिव्हिजनांना मात्र जशीच्या तशी लावू नये. समोर पिवळ्या गोलातही एक काळा आकडा दिसतो, तो तर तुकडीचा नव्हेच. तो गाडीचा वजनवर्ग, पुलावरून सोडायची की नाही हे ठरवण्यासाठी.

आता अडचण अशी की बहुतेक फोटो कृष्णधवल. लाल आणि निळा दोन्ही करड्या छटांत उतरतात, आणि काही फिल्मवर लाल जवळजवळ काळाच येतो. म्हणून रंगाआधी विभागणी बघायची. तिरकी रेघ दिसली तर रसद-वाहतूक. आडवी रेघ आणि वरचा भाग लख्ख पांढरा असेल तर सिग्नल्स. सबंध एकरंगी चौकोन सगळ्यात त्रासदायक, कारण पायदळाच्या ब्रिगेडींचे (डिव्हिजनमधल्या छोट्या गटांचे) लाल, हिरवे, तपकिरी चौकोन आणि इंजिनिअर्सचा निळा, सगळे एकाच राखाडीत मिसळतात. तिथे आकड्यावरच भिस्त. चौकोनाला वर किंवा खाली पांढरी पट्टी असेल तर तुकडी डिव्हिजनची नाही, डिव्हिजनच्या वरच्या गटाची, म्हणजे कोअरची किंवा आर्मीची.

जागाही बघावी. गाडीच्या डाव्या अंगाला फॉर्मेशन आणि उजव्या अंगाला युनिट, अशी साधारण रीत. समोरून काढलेल्या फोटोत ते उलट दिसतं, हे भलेभले विसरतात.

फॉर्मेशनचं चिन्ह कधीकधी तारीखही सांगून जातं. 17 व्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह 1942 च्या ब्रह्मदेशातल्या माघारीत वीज होतं. इम्फाळच्या लढाईपर्यंत ते काळं मांजर झालेलं होतं. मांजर दिसत असताना खाली 1942 ची माघार लिहिलेली असेल, तर मी मांजरावर विश्वास ठेवीन. आणि चिन्हाच्या जागी नुसता पुसट डाग असेल तर तो बहुधा सेन्सॉरचा हात, गाडी कोरी होती असं समजू नये.

महाराष्ट्रातल्या घरांत असे फोटो निघतात तेव्हा आणखी एक गोंधळ होतो. मराठा लाइट इन्फन्ट्री ही पायदळाची रेजिमेंट, डिव्हिजन नव्हे. तिच्या बटालियन वेगवेगळ्या डिव्हिजनांत विखुरलेल्या होत्या. जुलै 1944 मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे दहाव्या भारतीय डिव्हिजनमधले. एप्रिल 1945 मध्ये इटलीतल्याच सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळवणारे शिपाई नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे, म्हणजे आठव्या डिव्हिजनमधले. रेजिमेंट एक, देश एक, पण गाड्यांवरची चिन्हं वेगळी. शिवाय पायदळाला लांब पल्ल्यासाठी स्वतःच्या लॉऱ्या पुरत नसत. त्यांना रसद-वाहतूक खात्याच्या कंपन्या पोचवत. त्यामुळे आजोबा ज्या लॉरीला टेकून उभे आहेत तिच्यावर तिरका चौकोन असला, तर तेवढ्यावरून त्यांना ड्रायव्हर ठरवू नका. ते कदाचित नुकतेच मागच्या फळीवरून उतरले असतील. त्यांच्या खांद्यावरची पट्टी आणि टोपीवरचा बिल्ला आधी बघा, मग लॉरीकडे वळा.