न सांगता केलेलं कॉल रेकॉर्डिंग कोर्टात चालतं का?

‘समोरच्याला न विचारता कॉल रेकॉर्ड केलास तर तूच आत जाशील.’ पैसे बुडवणारे हे वाक्य फार छातीठोकपणे ऐकवतात. आपला कायदा तसं सांगत नाही.

मुंबईच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच मागितल्याच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली दिला (मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य). लाचलुचपत प्रतिबंधक पोलिसांनी एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्याच फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. बोलणाऱ्यांपैकी एकाची परवानगी आहे, म्हणजे ही चोरून ऐकण्याची भानगड नव्हे, असं म्हणून न्यायालयाने टेप पुराव्यात धरली. २०२५ मध्ये तर घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही सर्वोच्च न्यायालयाने चालवून घेतलं.

मग गैरसमज टिकला कसा? एक कारण अमेरिका. कॅलिफोर्नियात खासगी बोलणं टिपायला सगळ्यांची संमती लागते. अँड्रॉइडवरची ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’ ही घोषणा ऐकून तोच नियम इथला असं लोक धरून चालतात.

गुन्हा वेगळाच आहे. तुम्ही ज्या बोलण्यात नाहीच, ते मधेच पकडलंत तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बायकोच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आणि क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे पुरावा देणं नव्हे. त्यातून बदनामीचा दावा मात्र अंगावर येऊ शकतो. कोर्टासाठी मूळ फाइल न कापता जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) येते.